वेगात स्टिअरिंगचा भरवसा वाटत नाही? अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

नोकरीनिमित्त जर्मनीत आलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना गाड्यांचं वेड आहे, ते दोन-तीन वर्षांत हमखास जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन बसतात. दोन सीट, उघडं छप्पर, मागच्या चाकांना ताकद, वजन हजार किलोच्या आसपास आणि किंमत पोर्शच्या मानाने खिशाला झेपणारी. मग गाडी पहिल्यांदा ऑटोबानवर जाते आणि ठरलेला प्रश्न येतो: "गावात मस्त चालते रे, पण १२०-१३० च्या पुढे स्टिअरिंगचा भरवसाच वाटत नाही. काय असेल?" उत्तरही ठरलेलंच मिळतं, "अलाइनमेंट करून घे," म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घे.

उत्तर चुकीचं नाही, फक्त ते यादीत शेवटचं आहे. टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकात प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल, रिम वाकलं असेल किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश फाटले असतील, तर मशीनवर कोन कितीही अचूक बसवा. गाडी गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडली की ते कोन हलणारच. पैसे जातात, तक्रार तिथेच राहते. म्हणून जमिनीपासून वर चढत जायचं: हवा, टायर, चाक, ब्रेक, सांधे, बुश, गाडीची उंची आणि मग कोन. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ काही खर्च नाही, आणि निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं तिथेच सापडतं असं माझं मत आहे.

इथे उदाहरण एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांचं घेतलंय, म्हणजे एनए (१९८९ ते १९९७) आणि एनबी (१९९८ ते २००५). आकडे गाडीगणिक बदलतील, क्रम बदलत नाही.

तक्रार आधी नीट सांगता आली पाहिजे

"स्टिअरिंग अस्थिर आहे" एवढ्यावरून मेकॅनिकला काही कळत नाही. नेमकं काय होतंय?

थरथर होत असेल तर ती किती वेगाला सुरू होते आणि किती वेगाला थांबते ते बघा. ९० ला सुरू होऊन १२०-१३० ला विरणारी थरथर जवळजवळ नेहमी चाकांची असते. ती हातात जाणवली तर पुढची चाकं, बुडाखाली आणि पाठीत जाणवली तर मागची.

गाडी भरकटत असेल, म्हणजे सरळ रस्त्यावरही सारखं डावीकडे-उजवीकडे बारीक सावरत राहावं लागत असेल, तर संशय टायर, सांध्यांतला प्ले आणि टोवर (टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं किती आत किंवा बाहेर बघतायत तो कोन; आत बघत असतील तर टो-इन). रस्त्यात पडलेल्या चाकोऱ्या पकडून ती त्यांच्या मागे धावते, हाही त्यातलाच प्रकार.

खेचणं वेगळं. तिथे गाडी एकाच बाजूला जाते, दर वेळी त्याच.

स्टिअरिंग हलकं पडणं १५०-१६० च्या पुढचं. हातातलं वजनच कमी होतं, पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकल्यासारखी वाटतात.

आणि पाचवी तक्रार लोक स्टिअरिंगच्या नावावर घालतात, पण ती मागच्या चाकांची असते: लेन बदलताना गाडी आधी वळते आणि क्षणभराने शेपूट स्वतःहून आणखी थोडं वळतं. हात थांबलेत आणि गाडी थांबलेली नाही. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त घाबरगुंडी यानेच उडते, आणि तो पुढची चाकं तपासत बसतो.

चाचणीसाठी फार वेग लागत नाही. थरथर आणि भरकटणं १०० ते १३० मध्ये पुरेसं कळतं, आणि १३० हाच ऑटोबानचा शिफारस केलेला वेग आहे. जिथे मर्यादा नाही तिथेही बिघडलेल्या गाडीत वर जाऊन "बघू काय होतं" करायचं नाही. रविवारी सकाळचा मोकळा रस्ता, कोरडं हवामान, शेजारी लिहून घ्यायला कुणीतरी. महाराष्ट्रातून कुणी वाचत असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या १०० च्या किंवा समृद्धीच्या १२० च्या मर्यादेत यातलं बहुतेक सगळं तपासता येतं.

गाडीत बसल्या बसल्या काही गोष्टी करून बघा. थरथर चालू असताना क्लच दाबा. थांबली तर चाकांचा दोष नाही, इंजिनाकडे बघा. गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडल्यावर किंवा दाबल्यावर तिचा सूर बदलला तर प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा) आणि डिफरन्शिअलकडे (ती मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांकडे) वळा. १.६ लिटरच्या एनएमध्ये प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या ४.३ पट वेगाने फिरतो, त्यामुळे तिथली थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असते. चाकाची थरथर मोजता येईल इतकी जाडीभरडी. ब्रेक मारल्यावरच होत असेल तर ब्रेकची डिस्क. आणि हे सगळं मधल्या लेनमध्ये पुन्हा करून बघा, कारण उजव्या लेनमध्ये ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतात, तिथे धडधाकट गाडीही नाचते. जुन्या काँक्रीटच्या पट्ट्यांवर सांध्यांची धप-धप होते ती गाडीची नाही, रस्त्याची.

एक अपवाद आत्ताच सांगून टाकतो. एमएक्स-५ ला पक्कं छप्पर नाही, त्यामुळे खड्ड्यावरून जाताना डॅशबोर्ड, आरसा आणि स्टिअरिंगचा दांडा एकत्र थरथरतात. गुळगुळीत रस्त्यावर हे होत नसेल तर ती बॉडीची लवचीकता आहे. त्यामागे लागू नका.

हवा आणि टायर

भारतातून आलेल्या माणसाच्या तोंडात "३२-३२ टाका" बसलेलं असतं. एनएच्या मूळ १४ इंची टायरांना कंपनीने २६ पीएसआय, म्हणजे १.८ बार सांगितलंय. इतक्या हलक्या गाडीत ३२-३३ भरली की टायर टणक होतं, रस्त्याचा प्रत्येक ओरखडा स्टिअरिंगपर्यंत पोचतो आणि गाडी उड्या मारत चालते. उलट मागच्या टायरांत हवा कमी असेल तर शेपूट सैल वाटतं. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, सकाळी टायर थंड असताना भरा, आणि स्वतःचं गेज ठेवा. पंपावरची दोन यंत्रं एकच आकडा दाखवत नाहीत.

मग टायरच्या कुशीवरचा डॉट कोड. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. एमएक्स-५ वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं अशी टायरं या गाड्यांवर सर्रास दिसतात. रबर कडक झालं की ते रस्ता धरत नाही, नुसतं घसटतं. सहा-सात वर्षांपुढच्या टायरकडे संशयाने बघा, दहा वर्षांपुढचं सरळ उतरवा. त्याच कुशीवर वेगाचं अक्षरही असतं: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर.

चारही टायर एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची हवीत. निदान एका अ‍ॅक्सलवरची दोन तरी. पुढे नवी, चांगली पकड असलेली आणि मागे जुनी, टणक, ही वेगात सगळ्यात वाईट जोडी.

आता हात फिरवा. डोळ्यांनी बघून कळत नाही ते हाताला कळतं. तळवा टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत आणि मग आतून बाहेर ओढा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टायर रोज थोडं आडवं घासतंय. हा दोष 'टो'चा. पुढच्या दोन्ही टायरांत आतल्या बाजूला ओढताना मऊ आणि बाहेर ओढताना टोचत असेल तर टो-इन जास्त. उलटं असेल तर चाकं बाहेर बघतायत. नुसती आतली कड खाल्लेली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकाव, जास्त, बहुतेक वेळा गाडी खाली बसवल्यामुळे. आणि ठरावीक अंतरावर खोलगट वाट्यांसारखे चट्टे लागले तर डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेलेत, चाक जमिनीवर टपटप आपटत चाललंय.

इथे बरेच लोक अशा गाड्यांना मार्च ते ऑक्टोबरची मोसमी नंबरप्लेट घेतात. हिवाळाभर गाडी एका जागी उभी, आणि टायर खालच्या बाजूला चपटं होतं. वसंतातल्या पहिल्या फेरीत थरथर आली आणि वीस-पंचवीस किलोमीटरनंतर टायर गरम झाल्यावर गेली, तर काळजीचं कारण नाही. गेली नाही तर टायर बदला.

चाक: बॅलन्सिंग, रिम, हब

थरथर नेमकी १०० च्या आसपासच का येते? एनबीचं १९५/५० आर १५ टायर घ्या. व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत साधारण १.८ मीटर. ताशी ११० ला ते सेकंदाला १७ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा असमतोल असेल तर या वेगाला तो चार किलोहून जास्त जोराने चाकाला बाहेर ओढतो, सेकंदाला १७ वेळा. चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांची बुशांवर हलण्याची स्वतःची लय याच्या जवळपासच असते, त्यामुळे दोन्ही जुळल्या की स्टिअरिंग थरथरतं. वेग आणखी वाढला की लय सुटते आणि थरथर कमी होते. १३० ला बरं वाटलं म्हणजे दोष गेला असं नाही.

बॅलन्सिंगला जाण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा, प्रत्येक आपापल्या बाजूलाच ठेवून. फक्त चारही एकाच मापाची हवीत. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर दोष चाकात आहे. जागची हलली नाही तर तो हब, बेअरिंग किंवा सांध्यात आहे. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचे कित्येक खर्च वाचतात.

चाक काढलंच आहे तर हबचा चेहरा बघा. मिठाच्या रस्त्यांवरून गेलेल्या गाडीत तिथे गंजाचा पापुद्रा असतो. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रासुद्धा चाकाला तिरकं बसवतो, आणि बॅलन्सिंग मशीनवर ते चाक अगदी निर्दोष दिसतं, कारण मशीनला हबच नसतो. तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा.

मग मधलं भोक. एमएक्स-५ च्या हबचा गोल ५४.१ मिलिमीटरचा. बाहेरच्या कंपन्यांची अ‍ॅलॉय ६७ किंवा ७३ मिलिमीटर भोकाची असतात आणि मधली फट भरायला प्लॅस्टिकचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कडं लागतं. ही कडी टायर बदलताना हरवतात. चारपैकी एक नसलं तरी चाक नटांवर लोंबकळत बसतं, मध्यावर बसत नाही. जुन्या मालकाने अ‍ॅलॉय घातलेली असतील तर हे पहिल्या दिवशी बघा. स्पेसर घातले असतील तर तेही काढून एक फेरी मारून बघा. चाक बाहेर गेलं की रस्त्याला स्टिअरिंग ओढायला लांब दांडा मिळतो, आणि चाकोऱ्यांमागे धावायची खोड बहुधा तिथून येते.

रिम वाकलंय का ते जॅकवर चाक फिरवून कळतं. एखादी काडी किंवा स्क्रूड्रायव्हर स्टँडवर टेकवून टोक रिमच्या कडेजवळ धरा आणि चाक सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसेल. आतली कड विसरू नका, खड्ड्याचा मार तिथेच बसतो. एवढं झाल्यावर बॅलन्सिंग करा, शक्यतो चाकावर रस्त्यासारखा दाब देऊन तपासणाऱ्या मशीनवर.

नट हाताने आलटून-पालटून समोरासमोर घट्ट करा, मग टॉर्क रेंच. या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

ब्रेक धरून ठेवतोय का

थोडक्यात. सुरुवातीला ठीक आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी खेचायला किंवा थरथरायला लागली, तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय. या गाड्यांत मागचे कॅलिपर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. लांब फेरीनंतर शेवटचा किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी थांबवा आणि चारही रिमांजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक भगभगत असेल तर तेच.

सांधे

इथे गाडी वर उचलायची आहे. गाडीतल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. सपाट जमीन, मागच्या चाकांना अडसर, दोन भक्कम स्टँड. हे जमत नसेल तर अनेक शहरांत तासावर लिफ्ट भाड्याने मिळणारी गॅरेजं आहेत, तिथे जा.

पुढचं चाक हवेत असताना ते घड्याळात तीन आणि नऊ वाजता जिथे काटे असतात तिथे दोन्ही हातांनी धरा आणि एका हाताने ढकला, दुसऱ्याने ओढा. झटके छोटे आणि पटपट. टक-टक लागली तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक (दोन्ही टाय रॉड ज्याला जोडलेले असतात तो दात्यांचा दांडा). मग बारा आणि सहा. तिथे टक-टक लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळ्याचा सांधा). दोन्हींतला फरक ओळखायला मित्राला ब्रेक दाबून ठेवायला सांगा: ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

टाय रॉडचा प्ले नेमका कुठल्या टोकाला आहे हे चाक हलवून कळत नाही. त्यासाठी मित्र चाक हलवत असताना तुम्ही बोटं सांध्यावर ठेवा. बाहेरचा सांधा दिसतो, त्यावर अंगठा आणि तर्जनी अशी धरा की एक बोट रॉडवर आणि एक नकलवर (चाक धरून वळणाऱ्या भागावर) येईल. दोन्हींच्या मध्ये अगदी केसाएवढी हालचाल असली तरी बोटांना ती क्लिकसारखी लागते. आतला सांधा रॅकच्या रबरी बुटाच्या आत असतो. बूट चिमटीत दाबून रॉड धरला की तोही कळतो. बुटात तेल साचलेलं लागलं तर पॉवर स्टिअरिंगच्या रॅकचे सील गेलेत.

एनएचे पुढचे खालचे बॉल जॉइंट हा या गाडीचा ठरलेला दुखरा भाग. बाहेरचं रबर फाटतं, ग्रीस वाहून जातं, पाणी शिरतं. लांब पहार चाकाखाली घालून चाक वर उचलायचा प्रयत्न करा. सांधा वर-खाली झालेला दिसला तर गाडी त्या दिवशीच उभी करा. हा सांधा सुटला की चाक आडवं पडतं. रबर नुसतं फाटलेलं असेल आणि प्ले नसेल, तरी दर दोन वर्षांनी होणाऱ्या, गाडी रस्त्यालायक आहे का ते बघणाऱ्या ट्यूफच्या तपासणीत ते लिहून देतात, आणि योग्यच करतात.

रॅक स्वतः गाडीला ज्या रबरांवर बसवलेला असतो ती रबरं तेलाने फुगतात. गाडी जमिनीवर उभी करून मित्राला स्टिअरिंग थोडं-थोडं डावं-उजवं करायला सांगा आणि रॅककडे बघा. चाकं हलायच्या आधी अख्खा रॅकच सरकत असेल तर कारण सापडलं.

रॅकवर प्ले कमी करायचा एक स्क्रू असतो. तो आवळून टाकायचा सल्ला तुम्हाला हमखास कुणीतरी देईल. रॅक मध्यभागी जास्त झिजतो, कडेला कमी. मध्य घट्ट होईल इतका आवळला की कडेला तो अडकतो, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं. त्या स्क्रूला हात लावू नका.

बुश, डॅम्पर आणि मागची चाकं

एमएक्स-५ ला पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मवर धरलेलं आणि रबरी बुश पुष्कळ. पंचवीस-तीस वर्षांत ते फाटतात. छोटी पहार सस्पेन्शनचा आर्म आणि सबफ्रेम (तो ज्याला जोडलेला असतो ती चौकट) यांच्यात घालून हलकेच दाबा. रबर थोडं दबेलच. पण धातूला धातू लागला किंवा चीर उघडली तर बुश गेला. मागचे बुश पुढच्यांपेक्षा जास्त काळजीपूर्वक बघा. गॅस सोडला की मागचं चाक फाटक्या बुशावर सरकतं आणि बाहेर बघायला लागतं. वेगात शेपूट स्वतःहून वळण्याचं हे नेहमीचं कारण.

डॅम्परवर तेलाचा ओघळ दिसला तर निर्णय सोपा. कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत मात्र फक्त पार मेलेले डॅम्पर पकडते, अर्धमेले नाही. एनएमध्ये डॅम्परच्या दांड्यावरचे बंपस्टॉप (शेवटचा धक्का झेलणारे मऊ ठोकळे) वयाने चुरा होऊन पडतात. खालून टॉर्च मारून बघा. ते नसतील तर वेगात एखाद्या उंचवट्यावर सस्पेन्शन थेट धातूवर आपटतं आणि गाडी बाजूला उडी मारते.

उंची आणि वारा

चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डावं-उजवं सारखं यायला हवं. मागचा भाग बसलेला असेल, म्हणजे नाक वर, तर १५० च्या पुढे स्टिअरिंग हलकं पडणार. हवेचा उचल वेगाच्या वर्गाने वाढतो: ९० ला दहा किलो असेल तर १८० ला चाळीस. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं पान या गाड्यांत अनेकदा गायब असतं, सर्व्हिसला काढलं आणि परत लावलंच नाही असं. ते परत बसवा. रेडिएटरलाही त्याचा उपयोग आहे. डिकीत जड सामान असेल तर ते काढून पुन्हा फेरी मारा.

कंपन्यांनाही हा भाग सुरुवातीला जमलेला नव्हता. सुरुवातीच्या पोर्श ९११ चं सगळं वजन मागे, त्यामुळे पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ११-११ किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवले गेले; १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली तेव्हा गाडी बरीच ताळ्यावर आली. ऑडी टीटीची गोष्ट अलीकडची. १९९८ ला आलेल्या या गाडीचे १८० च्या पुढे झटकन लेन बदलताना किंवा वळताना अपघात झाले, जीवही गेले. १९९९ च्या शेवटी ऑडीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, मागे छोटा स्पॉयलर आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा दिली. त्या गोल, देखण्या पाठीवरचा तो स्पॉयलर "शोभत नाही" म्हणून काढणारे लोक आहेत. जुनी टीटी घ्यायला जाल तेव्हा तो जागेवर आहे ना, ते बघा.

आता अलाइनमेंट

वरचं सगळं ठीक झालं की मगच वेळ घ्या. आणि त्याआधी आठवडाभर एक काम: चारही कोपऱ्यांतल्या कोन बदलायच्या कॅम बोल्टांवर रोज गंज सोडवणारं तेल मारा आणि ते फिरतायत का ते पाना लावून बघा. एमएक्स-५ मध्ये कॅम्बर, कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव), टो सगळं बदलता येतं, पण बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. टायरवाला गाडी मशीनवर चढवतो, एकही बोल्ट फिरत नाही, तो फक्त पुढचा टो जुळवतो आणि पूर्ण पैसे घेतो. त्याला दोष देता येत नाही, बोल्ट कापणं हे त्याच्या अर्ध्या तासातलं काम नव्हेच.

चारही चाकांचं अलाइनमेंट मागा. टाकी अर्धी, हवा बरोबर, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवलेलं. हलक्या गाडीत सत्तर-ऐंशी किलोंनी कोन बदलतात. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद घ्या.

कागद वाचताना पहिल्यांदा मागचा टो बघा. मागची चाकं दोन्ही बाजूंना सारखी, थोडी आत बघत असायला हवीत. एक जरी बाहेर बघत असेल तर शेपटाचं कोडं तिथे सुटलं. दोन्ही आत आहेत पण असमान, तर गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं धरावं लागतं.

मग पुढचा टो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला शून्य किंवा किंचित टो-इन. ट्रॅकवर जाणारे लोक वळणात गाडी चपळ व्हावी म्हणून पुढची चाकं जरा बाहेर ठेवतात. जुना मालक त्यातला असेल तर ऑटोबानवर गाडी का भरकटते याचं उत्तर मिळालं. या मापाच्या टायरवर एक मिलिमीटर म्हणजे साधारण ०.१ अंश, म्हणून आकडे छोटे दिसले तरी हलक्यात घेऊ नका.

तिसरा कॅस्टर. स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची ओढ यातून मिळते. मूळ गाडीत तो चार-पाच अंशांच्या घरात असतो. बोल्ट मोकळे असतील तर टायरवाल्याला सांगा: दोन्ही बाजूंना सारखा ठेवून जेवढा जास्त मिळेल तेवढा दे. वेगात हाताला जो घट्टपणा हवा असतो तो इथून येतो. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला खेचेल. कॅम्बर सगळ्यात शेवटी. या तक्रारीत त्याचा वाटा लहान.

गॅरेजमधून निघाल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचं चाक सरळ दिसत नसेल तर लगेच परत जा. टायरवाला स्टिअरिंगचं चाक काढून एक दाता फिरवून लावतो म्हणाला तर नाही म्हणा. दोन्ही टाय रॉड सारख्याच फेऱ्यांनी, एक आत आणि एक बाहेर, फिरवून ते सरळ करायचं असतं. त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, आधी लिहून ठेवलेली टिपणं हातात घेऊन पुन्हा फेरी मारा.